माझ्या ड्रॉवरमधली गोळी

ल्युब्ल्यानाहून फोन आला तेव्हा
मी लोडावर लेस विणत होते,
लाकडी रिळांच्या अठरा जोड्या, आणि बोटं बरी चालत होती.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सिरिलना श्वास पुरत नाहीये,
उद्यापासून एक गोळी सुरू करतोय.
नाव सांगितलं.
थांबा, म्हटलं, आणि ड्रॉवर उघडून
डबीवरचं नाव अक्षर अक्षर वाचून दाखवलं.
तीच.
सहा वर्षं सकाळच्या कॉफीनंतर घेते मी ती,
सांध्यांसाठी.

सांध्यांची गोळी फुफ्फुसात काय करणार?
आणि तुम्हीच लोकांनी मला बजावलंत ना,
ही घेणाऱ्याची राखण ढिली पडते, माणसांत जाऊ नका,
टपालवालीसुद्धा पाकीट पायरीवर ठेवून मागे सरते.
मग लढणाऱ्याचेच हात बांधायचे? आत्ता?

येर्नेया नाव त्यांचं. आवाजावरून तिशीच्या.
जरा दम खाऊन म्हणाल्या,
साप बहुतेक निघून गेलाय, तिल्काबाई.
आता नुसती भुई धोपटणं चाललंय.
भुई म्हणजे तुमचे मिस्टर.

मग कायनेज म्हणजे काय ते सांगू लागल्या,
पेशीच्या आत निरोप पुढे ढकलणारं काहीतरी,
एकानं दुसऱ्याला डिवचायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला.
मला आमचा बुटका आठवला.
इद्रियाच्या पाऱ्याच्या खाणीत राहायचा तो,
दरड कोसळायच्या आधी लाकडी टेकूवर ठोठावायचा.
सिरिलनं ते ऐकलंय, बहात्तर साली,
म्हणून चार जण अजून पेन्शन खातात, असं तो सांगतो,
दुसऱ्या ग्लासानंतर पाच.

पण समजा, तो थांबलाच नाही.
दरड पडून गेली, धूळ बसली, तरी ठक ठक ठक,
आणि प्रत्येक बोगद्यातून माणसं कुदळी घेऊन धावतायत,
अंधारात, एकमेकांवरच,
पंपाकडं कुणी नाही
आणि पाणी चढतंय.
असंच का? मी विचारलं.
जवळपास, त्या म्हणाल्या.
गोळी त्याच्या मुठीवर हात ठेवते, एवढंच.
खात्री देत नाही मी.

दुसऱ्या दिवसापासून मी माझी गोळी बंद केली.
कुणाला सांगितलं नाही.
वाटलं, जगात त्या मोजूनच असणार,
एक मी गिळली की एक त्याची कमी.
मूर्खपणा, कळत होतं.
तरी रोज कॉफीनंतर एक काढून बशीत ठेवायची,
तिकडं त्याची पाण्यात विरघळवून
नळीतून सोडत असतील, तेव्हाच.

फोनवर ऑक्सिजनचे आकडे यायचे.
साठ लिटर. चाळीस. परत पन्नास.
इकडं माझ्या बोटांचे आल्याचे गड्डे झाले.
रिळं हातात राहिनात.
लेसमधलं एक पान अर्धंच राहिलं, टाचण्या तशाच उभ्या.
शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही तीच गोळी होती,
तो गेला.
हे येर्नेयांनी नाही सांगितलं. सिरिलनं सांगितलं,
पुष्कळ नंतर, एकदाच,
झ्लिक्रोफी वळता वळता.

चौदाव्या दिवशी ॲम्ब्युलन्सनं त्याला पायरीशी सोडलं,
नऊ किलो उतरलेला, कोट कुणा दुसऱ्याचा वाटावा असा.
आतून मला खिट्टी फिरेना.
बाहेरून त्याला दार ढकलवेना,
दोन शब्दांवर धाप.
तिल्का, ओढ.
ओढतेय.
मग थोडा वेळ नुसता त्याचा श्वास, लाकडाच्या पलीकडे.
गोळ्या घेतल्या नाहीस, तो म्हणाला.
मी मनगटानं खिट्टी वर रेटली.
त्यानं खांदा लावला, थांबला, परत लावला.

टेबलावर बशी होती.
त्यानं आधी गोळ्या मोजल्या,
मग कोट काढला.